काठाला दिवे, आळीत ओले लाकूड

सावंतवाडीत पाहुणा आला की त्याची मोती तलावाला एक फेरी होते, राजवाड्यात गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) रंगवणारे हात बघायला मिळतात आणि परतताना चितार आळीतून लाकडी फळांची परडी, रंगीत पाट किंवा एखादा भोवरा पिशवीत पडतो. २०११ च्या जनगणनेत चोवीस हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या गावाला ही मिळकत काही लहान नाही. १८७४ सालचे तळे भर वस्तीत आहे, एका अंगाला वाडा, दुसऱ्या अंगाला बाजार आणि बाजाराला लागून कारागिरांची आळी. त्यामुळे ‘तळ्याकाठचे कलेचे गाव’ अशी जाहिरात करायला फारशी कल्पकता लागत नाही. गोची तिथेच आहे. जाहिरातीत जे दिसते तेवढेच जपायचे, अशी सवय लागते. कठड्याला नवा दगड, खांबांना नवे दिवे, पाण्यात कारंजे, कोपऱ्यात फोटोसाठी मोठ्या अक्षरांत गावाचे नाव. सुशोभीकरणाचे हे सामान हल्ली राज्यभर एकाच यादीतून येते. तळे कोणते आहे याने त्यात काही फरक पडत नाही.

माझे म्हणणे एवढेच की सावंतवाडी हे आधी काम करणारे गाव आहे, बघण्याचे नंतर. सार्वजनिक पैसा खर्च होताना हाच क्रम राहिला पाहिजे. तळ्यावर खर्च करायचा तर तो पाण्यावर करा, कलेवर करायचा तर लाकडावर आणि शिकणाऱ्या हातांवर करा. काठाची सजावट या दोन्हींतून उरले तर.

लाकडापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक गोष्टी तिथेच अडतात. सावंतवाडीच्या खेळण्यांचे पारंपरिक लाकूड पांगाऱ्याचे. हलके, पांढरट, मऊ. पटाशीखाली मुकाट कापले जाते आणि रंग छान धरते. पण या मऊपणाची किंमत असते. ओल्या पांगाऱ्यात पाणी आणि पिष्ट दोन्ही भरपूर. तोडलेला ओंडका दमट हवेत काही आठवडे पडून राहिला तर आतून निळसर-काळा होतो, मग त्याला पोखरणारा किडा लागतो आणि बारीक पीठ गळायला सुरुवात होते. रंगवून झालेल्या पेरूतून असे पीठ गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात गळले की ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. म्हणून झाड पावसाळा संपल्यावर, थंडीच्या दिवसांत तोडायचे, आठवड्याच्या आत चिरून घ्यायचे, फळ्यांच्या टोकांना मेण किंवा तेलरंग फासायचा (लाकूड टोकाकडून सर्वांत लवकर सुकते आणि तिथूनच चिरते) आणि दोन फळ्यांमध्ये इंचभर पट्ट्या घालून सावलीत थर लावायचे. वारा खेळला पाहिजे, ऊन लागता कामा नये. पट्ट्या एकाखाली एक सरळ रेषेत हव्यात, नाहीतर फळीला बाक येतो. जळाऊ लाकडासारखी रास घातली तर मधला थर कुजणार हे नक्की.

इंचभर जाडीची फळी कोकणातल्या कोरड्या हंगामात दोन-तीन महिन्यांत बरी सुकते. जून लागला की हे गणित संपते. सावंतवाडीचा पाऊस वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर. त्या हवेत उघड्यावर ठेवलेले लाकूड अठरा-वीस टक्के ओलाव्याच्या खाली सहसा उतरत नाही. आणि नेमका श्रावण-भाद्रपद हा मागणीचा काळ. पाट, चौरंग, मखराचे काम, शिवाय अनेक चिताऱ्यांचे हात त्या दिवसांत गणपतीच्या शाळेत (मूर्तींच्या कारखान्यात) रंगकामाला गुंतलेले. घाईत ओले लाकूड वापरले जाते. तेच खेळणे नागपूरच्या मे महिन्यात किंवा दिल्लीतल्या हीटर लावलेल्या खोलीत पोचले की आठ-दहा टक्क्यांपर्यंत आणि त्याहूनही खाली सुकते, आकसते, देठाच्या भोकापासून उभी चीर जाते, रंगाचा पोपडा सुटतो. लोक म्हणतात, हाताची सफाई राहिली नाही. सफाई जिथल्या तिथे आहे. सुकवायला जागा आणि वेळ नाही.

लाखकामात तर ओलावा लगेच पकडला जातो. चरखावर (लाकूड फिरवून घडवायच्या यंत्रावर) फिरणाऱ्या लाकडाला लाखेची रंगीत कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते. मग केवड्याच्या पानाने दाबून घोटले की तिला झळाळी येते. लाकूड ओले असेल तर त्याच उष्णतेने आतले पाणी वाफ होऊन बाहेर येऊ बघते, लाखेला बारीक फोड येतात आणि काही दिवसांत ती टवके धरते. याला रंगाचा भारी डबा आणून उपयोग नाही.

हे काम एकट्या कारागिराच्या आवाक्यातले नाही, पण नगरपालिकेच्या नक्की आहे. दहा फूट बाय वीस फुटांची एक सामायिक सौर सुकवणी पुरे. दक्षिणेकडे उतरते पारदर्शक छप्पर, त्याखाली काळा रंगवलेला पत्रा, तापलेली हवा थरांमधून ढकलणारे दोन पंखे, वर-खाली उघडमिटीची झडपे. पहिले काही दिवस झडपे जवळजवळ बंदच ठेवायची आणि आतली हवा दमट राहू द्यायची. घाईने उघडली तर फळीची कातडी आधी सुकते, आतला गर ओला राहतो आणि फळी आतून फाटते. मग हळूहळू झडपे मोकळी करायची. एक नमुना फळी रोज तोलून वहीत वजन लिहायचे. ओलावा दहा-बारा टक्क्यांवर आला की माल बाहेर. ओलावा मोजायचे खिशात मावणारे टाचण्यांचे यंत्र मिळते, तेवढे एक सुकवणीत कायम ठेवावे. पावसाळ्यात निव्वळ उन्हावर ही सुकवणी चालणार नाही, म्हणून चरखाखाली पडणारा भुसा आणि तुकडे जाळणारी छोटी भट्टी तिला जोडावी लागेल. किड्यासाठी एक भाग बोरिक ॲसिड आणि दीड भाग बोरॅक्स यांचे दोन ते पाच टक्क्यांचे पाणी करून त्यात ओल्या फळ्या बुडवतात. शोभेच्या फळांना हे ठीक आहे, पण बाळाच्या तोंडात जाणाऱ्या खुळखुळ्याचे लाकूड त्यात बुडवू नये. ते लवकर चिरून, लवकर सुकवून स्वच्छ ठेवायचे.

आणि मुळात लाकूड येणार कुठून? पूर्वी पांगारा कुंपणाला असायचा, मिरीच्या आणि पानवेलीच्या आधाराला असायचा. त्याची मनगटाएवढी जाड, पाच-सहा फुटी मेढ पावसाच्या तोंडाला रोवली की पालवते, वेगळे रोप करावे लागत नाही. आता कुंपणे चिऱ्याची आणि काँक्रीटची झाली. त्यात २००५ च्या सुमारास पांगाऱ्याच्या पानांवर गाठी आणणारी गांधीलमाशीच्या कुळातली एक बारीक कीड केरळात आढळली आणि दक्षिणेतल्या मिरीच्या मळ्यांमधले पांगारे तिने खंगवले. जंगलातून लाकूड आणणे हा मार्गही धरू नये. सावंतवाडी-दोडामार्ग हा पट्टा सह्याद्रीतल्या वन्यप्राण्यांच्या येण्याजाण्याचा आहे आणि २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिथल्या वृक्षतोडीवर बंदी घातली, ती योग्यच होती. तेव्हा आळीला लागणारे लाकूड बांधावर, शाळांच्या आवारात, रस्त्याकडेला, परड्यात लावूनच मिळवावे लागेल. दरवर्षी पावसाआधी दोनशे मेढी रोवल्या, त्यातल्या पाऊणशे मेल्या असे धरले तरी आठ-दहा वर्षांनी दरसाल शंभर-सव्वाशे झाडे हाताशी येऊ लागतात. लावतानाच पाने गाठाळलेल्या झाडाची मेढ घ्यायची नाही, एवढी दक्षता घ्यावी. दहा वर्षांची ही योजना कुठल्याच नगराध्यक्षाच्या कारकिर्दीत फळणार नाही. ती आजवर न होण्याचे खरे कारण बहुधा तेच.

गंजिफाची अडचण वेगळी आहे. तिथे पानांना लाकूड लागत नाही, वेळ लागतो. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, मिळून १२० गोल पाने. तिघांना चाळीस-चाळीस वाटायची. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, दाबून, सुकवून, गोल कापून, अस्तराचा रंग देऊन, घोटून मग चित्र आणि शेवटी लाखेचा हात. चिंचोके भाजून टरफल काढावे लागते. टरफल राहिले तर खळ काळपट होते. खळ पातळ झाली तर थर सुटतात, जाड झाली तर पान वाळताना वाटीसारखे वळते. पानाला सरासरी वीस मिनिटे रंगकाम धरले तरी संचाला चाळीस तास फक्त कुंचल्याचे. १९७० च्या दशकात राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी वाड्यात हे काम पुन्हा सुरू केले, तेव्हा ते जाणणारा एखादाच वयोवृद्ध चितारी गावात उरला होता. एका घराने मनावर घेतले म्हणून कला वाचली, ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. मला त्यात धोक्याची सूचना जास्त दिसते. जे एका घराच्या इच्छेवर तगते ते एका पिढीच्या अनिच्छेने जाऊही शकते.

शिवाय गंजिफा खेळतो कोण? आज संच विकला जातो तो चौकटीत बसवायला किंवा भेट द्यायला. निम्म्या रंगांमध्ये दश्शी वरची आणि निम्म्यांत एक्का वरचा, दिवसा रामाची उतारी आणि रात्री कृष्णाची, असे नियम दहा वर्षांच्या पोराला तासाभरात कळतात आणि आवडतात. शाळेत खेळायला हाताने रंगवलेला संच परवडणार नाही, हे उघड आहे. छापील, स्वस्त, ‘छापील’ असे ठळक लिहिलेला संच शाळांसाठी काढावा आणि हातचा संच त्याच्या योग्य किमतीला विकावा. खेळ येणारा माणूसच पुढे हातच्या संचाचे मोल करेल. छापील संचामुळे कला मरेल अशी भीती घालणाऱ्यांनी बुद्धिबळाकडे बघावे. प्लॅस्टिकचे पट घरोघर झाले म्हणून कोरीव सोंगट्यांचे गिऱ्हाईक संपले नाही.

२०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफाला आणि लाकडी कामाला भौगोलिक मानांकन मिळाले. सत्कार झाले, फलक लागले. पण मानांकन हे कुलूप आहे आणि किल्ली प्रत्येक कारागिराच्या हातात वेगळी द्यावी लागते. नोंदणी संस्थेच्या नावावर होते. ते चिन्ह मालावर लावण्याचा हक्क मात्र चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नाव चढलेल्यालाच असतो. त्याचा अर्ज फारसा मोठा नाही, फी नाममात्र आहे, तरी बहुतेक जणांना हे कुणी बसून भरून देत नाही. नोंदणी दहा वर्षांची असते, मग नूतनीकरण. वापरकर्त्यांची यादी छोटीच राहिली तर सावंतवाडीच्या नावावर खपणाऱ्या बाहेरच्या मालाविरुद्ध तक्रार करायलाही माणूस नसतो.

या यादीला आणखी एक महत्त्व आहे. १ जानेवारी २०२१ पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले. हस्तकला आयुक्तालयाकडे नोंदलेले कारागीर आणि मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते यांना त्यातून सूट आहे. म्हणजे ज्याचे नाव यादीत नाही त्याचा भोवरा कायद्याने विकता येईल की नाही, हाच प्रश्न. पण सूट मिळाली म्हणून रंग कसलाही चालेल असे समजू नये. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० च्या वर नको, असा नियम २०१७ पासून लागू आहे. तरी सुट्या, बिननावाच्या पिवळ्या आणि केशरी रंगांत शिशाचे क्रोमेट असण्याचा धोका अजून असतो. लाकडी आंबा पिवळाच असतो. पाच-सहा घरांनी मिळून रंग एकाच खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावा, प्रत्येक खेपेचा एक नमुना प्रयोगशाळेत पाठवावा आणि तो अहवाल दुकानात टांगावा. ऑनलाइन खेळणी घेणारी शहरातली आई पहिला प्रश्न रंगाचाच विचारते.

आता तळे. मोती तलावाला लोक सुंदर म्हणतात तेव्हा त्यांची नजर पृष्ठभागावर असते. उथळ शहरी तळ्याचे दुखणे तळाशी आणि मुखाशी असते. वस्तीतले सांडपाणी गटारातून आणि व्हाळातून तळ्यात उतरले की त्यासोबत साबणाचा फॉस्फरस आणि शौचटाक्यांचा नायट्रोजन येतो. जांभ्या दगडात शोषखड्डा म्हणजे जवळजवळ चाळणीच. टाकी भरून वाहिली की ती विहिरीकडे नाहीतर तळ्याकडे जाणार. या खताने शेवाळ माजते. दिवसा ते प्राणवायू सोडते, रात्री तोच वापरते, म्हणून पाण्यातला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. ढगाळ दिवसानंतरच्या पहाटे मासे मरून वर येतात ते त्यामुळे. कुणी विष टाकले असा संशय घेण्याआधी पहाटे पाच वाजता प्राणवायू मोजावा. लिटरमागे चार मिलिग्रॅमच्या खाली मासे गुदमरू लागतात. अंघोळीच्या पाण्याचा सरकारी निकष पाच मिलिग्रॅम प्राणवायू आणि जैविक ऑक्सिजन मागणी (पाण्यातली घाण कुजवायला लागणारा प्राणवायू) तीनच्या आत असा आहे. तळ्याचे हे दोन आकडे महिन्याला एकदा काठावर फळ्यावर लिहिले तर गावाची चर्चा दिव्यांवरून पाण्यावर येईल.

कारंजे संध्याकाळी सात ते नऊ चालते, प्राणवायूची गरज पहाटे असते. त्यातून ते वरचेच पाणी उडवते. तळाजवळ बारीक भोकांच्या नळ्यांतून हवा सोडणारा पंप रात्री अकरा ते सकाळी सहा चालवला तर कमी विजेत जास्त काम होते. त्याचा फोटो चांगला येत नाही, एवढाच दोष. पण हाही वरवरचा उपाय. खरे काम मुखाशी आहे. प्रत्येक गटार तळ्यात पडण्याआधी जाळी, मग गाळ बसण्याची टाकी, मग साठ सेंटिमीटर खडीत लावलेला कर्दळीचा आणि वाळ्याचा वाफा. माणशी एक ते दोन चौरस मीटर जागा धरतात. पाचशे माणसांच्या सांडपाण्याला पाव एकराच्या आत वाफा होतो. पावसाळ्यात जोराचे पाणी वाफा धुऊन नेते, म्हणून बाजूने वळणवाट ठेवायची आणि पहिल्या सरींचे घाण पाणी टाकीत अडवून नंतरचे सोडून द्यायचे. वर्षाआड खडीचा पहिला हातभर भाग काढून धुवावा लागतो. तो न धुतल्याने असे वाफे तीन वर्षांत तुंबतात आणि मग ‘हे आपल्याकडे चालत नाही’ असे म्हणून पुन्हा कारंजे मागवले जाते.

गाळ काढण्याचाही असाच उत्साह असतो. उन्हाळ्यात तळे रिकामे करायचे, यंत्रे उतरवायची, तळ खरवडायचा. दोन गोष्टी बिघडतात. एक, जांभ्यावर वर्षानुवर्षे साचलेला बारीक चिकणमातीचा थर हीच तळ्याची गळती रोखणारी गादी असते. ती खरवडली की पुढच्या वर्षी पाणी टिकत नाही. काळा, दुर्गंधी, सैल गाळ काढावा आणि घट्ट पिवळसर मातीला यंत्राचा दात लागू देऊ नये. दोन, पाणी झपाट्याने उतरवले तर कठड्यामागच्या भरावात मुरलेले पाणी तितक्या लवकर बाहेर पडत नाही. समोरून पाण्याचा आधार गेलेला आणि मागून रेटा तसाच, अशा अवस्थेत भिंत पुढे कलते किंवा ढासळते. दिवसाला फुटापेक्षा कमी पाणी उतरवावे, भिंतीतली पाझरभोके आधी साफ करावीत, मागे गाळणखडी आहे ना ते पाहावे. कठडा पडल्यावर ठेकेदाराला शिव्या घालणे सोपे असते. दोष बरेचदा झडप उघडणाऱ्या वेळापत्रकाचा असतो. भोवतालच्या विहिरी तळ्यावर जगतात, हेही विसरायला नको. एप्रिल-मेमध्ये एका एकरावरून दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडाले तर वीस हजार लिटर जाते. त्या दिवसांत तळे मुद्दाम रिकामे करण्याआधी आसपासच्या दहा विहिरींची पातळी मोजून ठेवावी.

तळ्याकाठी लाकूडकाम शिकवणारे एक छोटे गाव ऑस्ट्रियात आहे, हालश्टाट. वस्ती साडेसातशेच्या आसपास. १९९७ पासून जागतिक वारसा यादीत, चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतात २०१२ साली त्याची नक्कलही उभी राहिली. हंगामात दिवसाला दहा हजारांपर्यंत माणसे येतात. २०२३ च्या मे महिन्यात गावाने सेल्फीच्या जागेवर लाकडी कुंपण उभारून देखावाच झाकून टाकला, टीका झाल्यावर काढले आणि ऑगस्टमध्ये रहिवासी रस्त्यावर उतरले. आपल्याकडे हालश्टाटचे नाव घेतले जाते ते या देखाव्यासाठी. त्याच गावात १८७३ पासून लाकूडकामाची शाळा आहे, मोती तलावापेक्षा एक वर्ष जुनी. फर्निचर, वाद्ये, नावा बांधणे असे शिकायला बाहेरून तरुण मुले येतात आणि काही वर्षे राहतात. ती बसमधून उतरून तासाभरात परत जाणारी माणसे नव्हेत. सावंतवाडीने उचलायचे ते हे. आयटीआयच्या चौकटीत पटाशी, चरख, लाख, लाकूड सुकवणे, रंगाची सुरक्षितता, हिशेब आणि गंजिफाचे चित्रण असा दोन वर्षांचा विषय बसवता येण्यासारखा आहे. २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत खेळणी करणारे अठरा व्यवसायांत धरले आहेत, दिवसाला पाचशे रुपये विद्यावेतन आणि पंधरा हजारांपर्यंत अवजारांचे साहाय्य मिळते, घ्यावेच. पण तिचे प्राथमिक प्रशिक्षण पाच-सात दिवसांचे आहे. तेवढ्या दिवसांत पांगाऱ्याची फळी सुकतही नाही.

गर्दीचा प्रश्न आपल्याकडे हालश्टाटसारखा नाही. मुंबई-गोवा महामार्ग झाराप-पत्रादेवी मार्गे गावाबाहेरून गेला, तेव्हापासून जाता-येता थांबणारे गिऱ्हाईकही घटले. आता उलट दिशेने ओढ आहे. जानेवारी २०२३ पासून गोव्यातल्या मोपाचा विमानतळ सुरू आहे, गोव्यातल्या जागेचे भाव ऐकून लोक हद्द ओलांडून बघू लागले आहेत, आणि तळ्याचे दर्शन असलेली खोली ही विकाऊ वस्तू होऊ पाहते आहे. घरमालकाला चार पैसे मिळाले तर कुणाच्या पोटात दुखायचे कारण नाही. चितार आळीपुरती मात्र वेगळी काळजी घ्यावी. तिथल्या घरात पुढे दुकान, मध्ये चरख आणि मागे परसू असते, आणि परसू म्हणजे लाकडाचे कोठार. परसात दोन खोल्या काढून पाहुण्यांना दिल्या की पुढचे दुकान राहते, पण फळ्या रचायची जागा जाते. मग तयार माल बाहेरून आणून विकणे एवढेच उरते. आळीतल्या ज्या घरात वर्षातले निदान आठ महिने काम चालते त्याला मालमत्ता करात सूट द्यावी आणि परसात बांधकाम न करण्याची अट त्या सुटीला जोडावी. पालिकेचे गाळे सर्वांत जास्त बोलीला न देता अधिकृत वापरकर्त्यांमध्येच लिलाव करून द्यावेत, दारात काम चालू असण्याच्या अटीवर. अट मोडली का हे बघायला अधिकारी नेमायची गरज नाही. शेजारचा दुकानदार ते फुकट सांगेल.

याला आक्षेप आहेत आणि ते खोटे नाहीत. संध्याकाळी काठावर आजोबा बसतात, मुले सायकली फिरवतात, बायका निर्धास्त चालतात. त्यासाठी उजेड आणि नीट पदपथ हवाच. कुणीही तो काढा म्हणत नाही. एकदा चांगला केला की दर पाच वर्षांनी उखडू नका, एवढेच. दुसरा आक्षेप खुद्द आळीतूनच येतो: आमची मुले हे करणार नाहीत, मुंबईत किंवा गोव्यात नोकरी बरी. ती बरी असते कारण तिथे पगार ठरलेल्या तारखेला येतो. इथे शिकाऊ मुलगा पहिली दोन वर्षे बिघडवतो जास्त आणि करतो कमी, त्याचा भार उस्तादाच्या खिशावर. तिसरा आक्षेप पैशाचा. दहा शिकाऊंना महिना दहा हजार रुपये दिले तर वर्षाला बारा लाख होतात. सुकवणी, ओलावा मोजायचे यंत्र आणि रंगाच्या तपासण्या धरून पहिल्या वर्षी आणखी काही लाख. पालिकेच्या तिजोरीत एवढे नसेल तर जिल्हा नियोजनातून मागावे, तिथून सुशोभीकरणाला मिळतातच. शिकाऊंची निवड आळीतल्या घरांपुरती ठेवू नये; मुलींना आणि इतर समाजांतल्या मुलांना जागा राखावी, कारण रंगकामाचा मोठा भाग आजही बायकाच करतात आणि नावाची पाटी मात्र पुरुषाची असते. विद्यावेतन थेट मुलाच्या खात्यात, उस्तादाला शिकवण्याचे वेगळे मानधन, आणि दोन वर्षांच्या शेवटी मुलाने स्वतः सुकवलेल्या लाकडाचे बारा नग परीक्षेला मांडावेत, त्यातले सहा पुढचा उन्हाळाभर ठेवून चिरतात का ते पाहावे. नव्या कठड्याचा प्रस्ताव पुढच्या सभेत आला की आधी हा खर्च वजा करून मग दगडाचा भाव विचारावा.